चवथीला कन्व्हेयरची चेन बदलायची, तर वही जानेवारीतच उघडा

आमच्याकडे गोव्यातल्या कारखान्यांत वर्षातून एकदाच मशीन खरोखर थंड पडतात, ती चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. डिचोलीपासून काणकोणपर्यंतचा माणूस त्या दिवसांत घरीच असतो, आणि सावंतवाडी-दोडामार्गहून रोज बसने येणारी पोरं तर महिनाभर आधीच रजेचा अर्ज टाकून मोकळी होतात. कुंडईची औद्योगिक वसाहत असो की वेर्ण्याची, मेंटेनन्सवाल्याच्या हाती अख्खी लाइन लागते ती तेव्हाच. त्यामुळे माझी चवथ गेली वीसेक वर्षं निम्मी घरी आणि निम्मी चेनखाली जाते.

ठरवून बदलली तर कन्व्हेयरची चेन हे एका शिफ्टचं काम आहे. तुटल्यावर बदलायला घेतली तर तीन दिवस जातात. एक दिवस सामान शोधण्यात, एक चुकीचं सामान परत करण्यात, आणि तिसरा प्रत्यक्ष कामात. पुढे लिहितोय ते ठरवून बदलता यावी म्हणून.

चेन ताणत नाही, झिजते

सगळेच म्हणतात, चेन ताणली. खरं तर साइडची पट्टी ताणत नाही. चेन स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, वळताना प्रत्येक सांध्यात पिन तिच्याभोवतीच्या बुशमध्ये, म्हणजे नळीत, थोडीशी फिरते आणि दोघी घासतात. एका सांध्यात ०.१ मिमी झीज झाली तर डोळ्याला काही दिसणार नाही. पण चेन २४० सांध्यांची असेल तर तीच झीज २४ मिमी होते आणि खालची बाजू लोंबायला लागते. मग कोणीतरी टेक-अपचा, म्हणजे चेनला ताण द्यायच्या सोयीचा, बोल्ट आवळतो आणि सगळ्यांना वाटतं, काम झालं.

बोल्ट आवळून लोंबणं जातं, पण वाढलेला पिच, म्हणजे एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंतचं अंतर, तसाच राहतो. पिच वाढला की बुशवरचा रोलर दाताच्या तळाशी न बसता वर चढून बसतो. दाताचं टोक झिजून हुकासारखं होतं आणि एक दिवस चेन दात सोडून उडी मारते. शिवाय पिन आणि बुश कडक असतात ते वरच्या थरापुरतेच. तो थर गेला की आतलं मऊ लोखंड फार भराभर झिजतं. म्हणून ‘दोन वर्षं काही झालं नाही, अजून वर्ष जाईल’ हा हिशेब चेनला लागू होत नाही.

माप कसं घ्यायचं

आधी मेन आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करून त्याला कुलूप लावा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. नुसतं माप घ्यायचं असलं तरी हे करायचंच. मग स्टार्टचं बटण एकदा दाबून बघा, काही हलत नाही ना. पावसात आमच्याकडे लाइट दिवसातून चारदा जाते, आणि लाइट गेलेली असताना हात घालण्याची सवय पोरांना फार लवकर लागते. लाइट गेली म्हणजे मशीन बंद झालं असं नव्हे. ती परत येते तेव्हा तुम्हाला विचारून येत नाही.

माप नेहमी ताणात असलेल्या बाजूवर घ्या, लोंबत्या बाजूवर नाही. उदाहरणासाठी ५०.८ मिमी पिचची, म्हणजे डबल पिच सी२०८०एच जातीची चेन घेऊ. तिचे १० पिच नव्या चेनमध्ये ५०८ मिमी भरतात. पहिला रोलर आणि अकरावा रोलर धरा. दोघांच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्या, मग बाहेरच्या कडांमधलं घ्या, बेरीज करून दोनाने भागा. रोलरचा मध्य अंदाजाने धरायची गरज उरत नाही. मोठा व्हर्निअर नसेल तर चांगली स्टीलपट्टी चालते, कापडी टेप मात्र नको. पिच मोजताना संख्या सम ठेवा, कारण आतल्या लिंकचा (कडीचा) आणि बाहेरच्या लिंकचा पिच एकसारखा वाढत नाही.

असं माप चेनवर चार ठिकाणी घ्यायचं, आणि दोन चेन असतील तर दोन्हींवर. त्यातलं सगळ्यात मोठं माप वहीत लिहायचं. सरासरी काढत बसू नका, चेन तुटते ती सरासरीच्या जागी तुटत नाही.

साध्या ड्राइव्ह चेनला ३ टक्के वाढ ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. स्प्रॉकेटला दात खूप असतील, साठ-सत्तरच्या पुढे, तर त्याहून आधीच थांबावं लागतं. स्लॅट (माल वाहणाऱ्या पट्ट्या) किंवा बकेट (बादल्या) लावलेल्या कन्व्हेयर चेनला मी २ टक्क्यांवर थांबतो. ५०८ चे २ टक्के म्हणजे १०.१६, म्हणजे आपली लक्ष्मणरेषा ५१८ मिमी.

आता वही कशी कामाला येते ते बघा. समजा जानेवारीत ५१२ भरली आणि एप्रिलमध्ये ५१४. तीन महिन्यांत २ मिमी. ५१८ पर्यंत अजून ४ मिमी आहेत, म्हणजे सहा महिने, म्हणजे ऑक्टोबर. चवथ येते ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात. चेन चवथीला बदलायची हे एप्रिलमध्येच ठरलं, आणि ऑर्डर मे महिन्यात टाकायची. जून-जुलैत टाकलीत तर माल बेळगावहून येताना चोर्ला घाटात दरड, नाहीतर अनमोडला गाड्यांची रांग, आणि तुम्ही गेटवर वाट बघत उभे.

तेल: कुठे घालायचं, कधी घालायचं

मी ट्रेनी होतो तेव्हा कुडाळकडचे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी ब्रशने चेनच्या रोलरवर झकास तेल चोपडत होतो. मामा मागे येऊन उभे राहिले. “तेल खंय घालतंस रे? रोलराक न्हाणी घालतंस काय? पट्टीच्या फटीत घाल.”

मुद्दा तेवढाच आहे. झीज होते पिन आणि बुशच्या मध्ये, आणि तिथे जायची वाट म्हणजे आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांच्यामधली बारीक फट. चेन स्प्रॉकेटवर चढायच्या आधी, लोंबत्या बाजूला, आतल्या अंगाने त्या फटीत तेल सोडायचं. ताणलेल्या बाजूला फट दाबलेली असते, तेल आत शिरत नाही. हाताने तेल देत असाल तर दर आठ तासांनी, म्हणजे शिफ्टला एकदा, हा नियम धरा. जमत असेल तर सरळ थेंब थेंब तेल सोडणारा ड्रिपर बसवा.

ग्रीस नको. थंड ग्रीस त्या फटीतून आत जातच नाही, वर बसून धूळ धरतं, आणि धूळ आणि ग्रीस मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतं. आपल्याकडच्या हवेत आयएसओ व्हीजी १०० जाडीचं तेल, म्हणजे साधारण एसएई ३०, बहुतेक ठिकाणी चालतं. भट्टीजवळ किंवा ड्रायरजवळ व्हीजी १५० किंवा त्याहून जाड. खाण्याच्या मालाच्या वर किंवा शेजारी चेन असेल तर एच१ दर्जाचं फूड ग्रेड तेलच, तिथे तडजोड नाही. जळकं इंजिन ऑइल वापरणारे अजून आहेत. त्यात लोखंडाचा चुरा आणि काजळी असते, आणि ते आपण स्वतःच्या हाताने सांध्यात भरतो.

सांध्याच्या फटीतून लालसर-तपकिरी पूड बाहेर आलेली दिसली की समजा, तेल वर वर लागतंय, आत पोचत नाहीये. ही खूण दिसली की बाकी तपासणी नंतर, आधी तेल.

पाऊस, खारी हवा आणि काजू

पुस्तकात लिहिलेलं चेनचं आयुष्य गोव्यात मिळत नाही. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की शनिवारी पुसलेल्या चेनवर सोमवारी लाल पदर दिसतो. सुट्टीआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात कन्व्हेयर रिकामा फिरवून तेल द्या, तेलाचा हात लागलेली चेनच बंद ठेवा. स्टोअरमधली स्पेअर चेन सिमेंटच्या फरशीवर टाकू नका. तेल लावलेल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून लाकडी फळीवर, आणि पाकिटावर तारीख.

मासळीच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या कामात साधी चेन टिकत नाही, तिथे स्टेनलेस लागते. पण स्टेनलेस म्हणजे सगळ्यात चांगली असा एक गैरसमज आहे. त्याच मापाच्या साध्या चेनपेक्षा ती वजन कमी घेते आणि लवकर झिजते, कारण तिच्या पिनला तसा कडकपणा देता येत नाही. खाऱ्या पाण्यात ३०४ जातीच्या स्टेनलेसला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, ३१६ त्या मानाने तग धरते. तरी रोज गोड्या पाण्याने धुणं चुकत नाही, आणि धुऊन सुकली की तेल.

काजूच्या कारखान्यात टरफलाचं तेल ही वेगळी डोकेदुखी. ते हात भाजतं, आणि चेनच्या सांध्यात जाऊन राळेसारखं घट्ट बसतं. मग सांधा वळायचा तो अर्धाच वळतो. अशी चेन रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने साफ करा, सांधा न् सांधा हाताने वाकवून बघा, आणि सुकल्याबरोबर तेल द्या. गंज काढायला ॲसिड मात्र कधीच नाही. ॲसिडमुळे कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, पट्टी ठिसूळ होते आणि काही दिवसांनी काही कारण नसताना मोडते. झिंक प्लेटिंगवाल्याकडे चेन पाठवण्यातही हाच धोका आहे.

फिरताना आणि थांबवून काय बघायचं

आवाज ऐका. प्रत्येक फेरीत एकाच जागी ‘टक’ होत असेल तर एखादा सांधा जाम आहे किंवा एखादी लिंक वेगळ्या पिचची आहे. सतत खरखर असेल तर चेनखालचं गाइड घासतंय. मग थांबवून, कुलूप लावून, टॉर्च घेऊन बसा. पट्टीची आतली बाजू चकचकीत असेल तर दोन स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत. रोलरला एका बाजूने सपाट पडलं असेल तर तो फिरत नाही, घसरतोय. भोकाभोवती केसासारखी चीर दिसली तर ती चेन त्याच दिवशी बाद.

आणि एक खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पिनच्या डोक्यावरच्या रिव्हेटच्या खुणा नव्या चेनमध्ये सगळ्या एकाच दिशेला असतात. एखादी पिन त्यातून फिरलेली दिसली, तर त्या सांध्यात पिन बुशला चिकटली आहे आणि पट्टीतली तिची पकड सुटली आहे. ती बाहेर यायला निघालेली पिन आहे.

मागवताना

इथे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. जुनी चेन टेपने मोजून ‘साडेबारा मीटर पाठवा’ असं सांगू नका. २४० पिचची नवी चेन १२.१९ मीटर असते. २ टक्के झिजलेली तीच चेन १२.४४ भरते, म्हणजे जवळजवळ पाच पिच जास्त. पिच मोजा, मीटर नाही. अटॅचमेंट, म्हणजे स्लॅट बसवायचा कान, दर चौथ्या पिचला असेल तर एकूण पिच चारने भाग जाणारे हवेत, नाहीतर जोडाच्या जागी एक स्लॅट कमी पडते किंवा दोन जवळ येतात. स्लॅट बसते ती भोकं किती आणि किती अंतरावर आहेत, के१ (दोन्ही बाजूंना कान) आहे की ए१ (एकाच बाजूला), तेही लिहा, आणि शक्य असेल तर जुन्या चारपाच लिंक कापून नमुना पाठवा.

एएसए (अमेरिकन) आणि बीएस (ब्रिटिश) ही मापांची दोन घराणी वेगळी आहेत, त्यांची लग्नं लावू नका. एएसए ४० आणि ०८बी, दोघींचा पिच १२.७ मिमी. पण रोलर एकीचा ७.९२ आणि दुसरीचा ८.५१. स्प्रॉकेटवर बसल्यासारखी वाटते आणि दात खाते. एएसए ८० आणि १६बी ही जोडी तर अजून फसवी, पिच २५.४ आणि रोलरही एकच, पण पिनची जाडी आणि आतली रुंदी वेगळी. एकीचं लॉक, म्हणजे चेनची टोकं जोडणारी लिंक, दुसरीला बसत नाही, आणि रात्रपाळीचा कोणीतरी ते ठोकून बसवतो.

दोन चेनवर स्लॅट बसत असतील तर ‘मॅच्ड पेअर’, म्हणजे लांबी जुळवलेली जोडी, म्हणून मागवा आणि आलेले टॅग फेकू नका. हाफ लॉक, म्हणजे विषम पिचची चेन जोडायची ऑफसेट लिंक, मी शक्यतो वापरतच नाही. चेनमध्ये सगळ्यात कमजोर जागा तीच असते. पिच सम ठेवले की तिची गरज पडत नाही.

आता माझी स्वतःची चूक. एका जुन्या नोकरीत ऐन जुलैत चढाच्या कन्व्हेयरची चेन एका जागी तुटली. स्टोअरमध्ये वीस पिचचा नवा तुकडा होता, मी तो जुन्या चेनमध्ये जोडला. रात्री दहाला लाइन चालू झाली, साहेबांनी पाठ थोपटली. जुन्या लिंकचा पिच ५१.९ झाला होता, नव्यांचा ५०.८. प्रत्येक फेरीत तो तुकडा स्प्रॉकेटवर आला की धक्का बसायचा, ऑफिसपर्यंत ऐकू जायचा. तिसऱ्या आठवड्यात चेन दुसऱ्या जागी तुटली, आणि जाताना दोन दात घेऊन गेली. तेव्हापासून जुन्या चेनमध्ये नवा तुकडा नाही, जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन नाही, आणि जोडीतली एकच चेन बदलणं नाही.

बदलायचा दिवस

आदल्या दिवशी क्लॅम्प मीटर लावून मोटर किती अँपिअर घेते ते लिहून ठेवा, उद्या लागेल. कन्व्हेयरवरचा माल पूर्ण उतरवा. चढाच्या कन्व्हेयरवर किंवा बकेट एलिव्हेटरवर हे विसरलात तर जोड उघडल्याबरोबर अख्खी चेन मागे धावते. म्हणून आयसोलेटरला कुलूप लावल्यावर, जोडाच्या दोन्ही बाजूंना चेन फ्रेमला क्लॅम्पने बांधा. काउंटरवेट असेल तर ते अडकवून टाका. त्यानंतर टेक-अप पूर्ण सैल करा, चेनमध्ये ताण उरला नाही हे हाताने हलवून बघा, आणि मगच लॉक उघडा.

लॉक सापडत नसेल, सगळी चेन रिव्हेटची असेल, तर एका बाहेरच्या लिंकच्या दोन्ही पिनांची डोकी ग्राइंडरने पट्टीबरोबर सपाट करा. खालून आधार देऊन दोन्ही पिना आळीपाळीने, थोड्या थोड्या ठोकून काढा. एकच पिन जोरात ठोकलीत तर शेजारचा बुश वाकतो. गॅसने कापू नका, उष्णतेने आजूबाजूच्या लिंकचा कडकपणा जातो आणि पुढे नमुना म्हणूनही ती कामाची राहत नाही. गॉगल लावा. कडक पोलादाची किरच डोळ्याचा विचार करत नाही.

जुनी चेन लगेच ओढून काढू नका. तिच्या शेपटाला नव्या चेनचं तोंड जोडा आणि चेन-ब्लॉकने जुनी हळूहळू बाहेर ओढा. नवी आपोआप आपल्या वाटेने आत जाते, खालच्या गाइडमध्ये हात घालावा लागत नाही. दोन चेन असतील तर दोन्ही बरोबरीने सरकवा, आणि अटॅचमेंटची तोंडं बाहेर की आत, हे सुरुवातीलाच खडूने लिहून ठेवा. आम्ही एकदा साठ फूट ओढल्यावर बघितलं होतं. तो दिवस आठवला की अजून कान तापतात.

स्प्रॉकेट बदलायची असतील तर अर्थातच चेन पूर्ण बाहेर काढावी लागते. दाताचं टोक एका बाजूला झुकलेलं असेल तर विचार करू नका, बदला. नवी बसवताना शाफ्टवर स्पिरिट लेव्हल ठेवा, दोन्ही शाफ्टमधलं अंतर डाव्या आणि उजव्या टोकाला मोजून एकसारखं करा, आणि स्प्रॉकेटच्या तोंडाला सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी लावून रेष बघा. चेनखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना खाच पडली असेल तर त्याही आताच बदला. बेअरिंग हाताने फिरवून बघायची संधीही हीच, पुढच्या चवथीपर्यंत परत मिळत नाही.

नव्या चेनवर कंपनीचं जे तेल असतं ते धुऊन काढू नका. ते आत सांध्यापर्यंत भरलेलं असतं, आपल्याला तसं भरता येत नाही.

शेवटचा जोड चेन-पुलरने जवळ आणा. लॉकची पट्टी घट्ट बसत असेल तर ती घट्टच बसायला हवी. भोक फाइलने मोठं करून सोपं करणारा मनुष्य पुढच्या ब्रेकडाउनची तारीख लिहून जातो. क्लिपचं लॉक असेल तर तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला, उघडं टोक मागे. कॉटर पिन असेल तर दोन्ही पाय नीट वाकवा. जुनी क्लिप परत वापरू नका, ती चार रुपयांची चीज आहे.

ताण देताना दोन्ही बाजूंचे टेक-अप आटे मोजून नव्हे, फ्रेमपासून अंतर मोजून सारखे करा. दोन स्प्रॉकेटमध्ये धावणाऱ्या ड्राइव्ह चेनला अंतराच्या २ ते ४ टक्के खेळ हवा, म्हणजे एक मीटर अंतर असेल तर हाताने वरखाली मिळून २० ते ४० मिमी. कन्व्हेयरच्या चेनला ड्राइव्ह स्प्रॉकेट सोडल्यावर परतीच्या बाजूला थोडी झोळ दिसायला हवी. वीणेच्या तारेसारखी ताणलेली चेन बघून साहेब खूश होतात, पण ती बेअरिंग आणि पिना दोन्ही खाते.

सगळी हत्यारं मोजून बाहेर, गार्ड जागेवर, माणसं बाजूला, आणि मग कुलूप काढायचं. अर्धा तास रिकामं फिरवा, थोडा माल टाकून बघा, अँपिअर कालच्या आकड्याशी ताडून बघा. वाढले असतील तर बहुतेक ताण जास्त झालाय. पहिल्या आठवड्यात चेन थोडी ‘बसते’, ती झीज नव्हे. तेव्हा एकदा टेक-अप तपासा, आणि त्यानंतर घेतलेलं १० पिचचं माप वहीत पहिल्या ओळीवर लिहा.

जुनी चेन भंगारात जाण्याआधी तिचा एक सांधा मी ग्राइंडरने उभा कापतो. पिन तपकिरी असेल तर तेल पोचलंच नव्हतं. उभ्या-आडव्या रेघा असतील तर धूळ गेली होती. निळसर असेल तर सांधा तापला होता. गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर ड्रिपरवाल्या पोराला चहा. मग ती पिन नव्या ट्रेनीच्या हातात देतो आणि मध्यावर नख फिरवायला सांगतो. बुशमध्ये फिरणाऱ्या भागाच्या टोकाशी नख अडकतं, तिथे पायरी झालेली असते.